चित्रे काढायची, तर पाठ केव्हा संपवायचा?

मॅडम, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपली शाळा परभणी जिल्ह्यात, द्विशिक्षकी; तिसरी आणि चौथीची मिळून ३४ मुले आपल्या एकट्यांकडे आहेत. प्रत्येक विषयात कला मिसळून शिकवा, असे शिक्षण परिषदेत सांगितले गेले, म्हणून आपण महिनाभर मनापासून प्रयत्न केला. वर्गाच्या भिंती भरल्या, पण गणिताचे दोन घटक मागे राहिले आणि एक पालक येऊन म्हणाले, “लेकरं नुसते चित्रं काढायलेत, पाढे कधी म्हणायचे?” शेवटी आपण लिहिले आहे की आपल्याला स्वतःला चित्र येत नाही, गाताही येत नाही, मग हे करावे कसे, आणि मुळात का करावे?

मी २६ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत आहे. आधी हिंगोली जिल्ह्यातील एका तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, आणि नंतर जालना जिल्ह्यात. त्या अनुभवावरून वाटते ते असे की आपली अडचण वेळेची दिसत असली तरी खरी अडचण पाठात कलेला दिलेल्या जागेची आहे. पाठ शिकवून झाल्यावर, शेवटच्या वीस मिनिटांत, ‘आता यावर चित्र काढा’ अशी कला आपण पाठाला मागून जोडत आहात. तशी जोडली की ती जास्तीचे काम होते आणि जास्तीचे काम वेळ खाणारच. मीही पहिली आठ-दहा वर्षे हेच केले. पावसाची कविता शिकवली की मुलांना छत्रीचे ठसे देऊन रंगवायला लावायचो. छत्र्या सुंदर व्हायच्या, दोरीला टांगल्या जायच्या, तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. पण त्या छत्रीमुळे कवितेतली एकही ओळ कोणाला अधिक कळली नव्हती, हे मला फार उशिरा लक्षात आले. ती सजावट होती. सजावट वाईट नाही, तिची जागा कलेच्या तासिकेत आहे.

तेव्हापासून मी पाठाचे टाचण काढताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही कृती पाठातून काढून टाकली, तर पाठाचे काही बिघडते का? काही बिघडत नसेल तर ती कृती मी करत नाही. चित्र, अभिनय, ताल किंवा माती यांपैकी काहीही असो, ते करताना मुलाला त्या विषयातला एखादा निर्णय घ्यावा लागला पाहिजे: येथे रेघ का थांबली, हे पात्र आता कोणाकडे पाहील, येथे ठिपका आला तर पुढच्या ओळीत किती येतील. निर्णय विषयातला असेल, तर त्या कृतीला दिलेला वेळ विषयालाच दिलेला असतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेला शिकवण्याच्या पद्धतीत जागा देण्याविषयी जे म्हटले आहे, त्याचा अर्थ मी तरी असाच लावतो. आपल्यापर्यंत येताना त्या विचाराचे पुष्कळदा ‘भिंती भरा’ असे भाषांतर होते, ही गोष्ट निराळी.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात माझी सगळी रीत आली आहे. सप्टेंबर महिना होता, चौथीचा वर्ग. परिसर अभ्यासात वनस्पतींचे अवयव शिकवायचे होते. मी मुलांना पाटीवर तुरीचे पान आठवून काढायला सांगितले. सगळी मुले शेतकऱ्यांची किंवा शेतमजुरांची. शाळेच्या मागच्या बांधापलीकडे तूर, सोयाबीन आणि कापूस उभा. तरीही दोन-तीन मुले सोडली, तर सर्वांनी एकच पान काढले, ते आंब्याच्या पानासारखे लांबट, मध्ये एक शीर आणि दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा. हे पान त्यांनी शेतात पाहिलेले नव्हते, ते पुस्तकातले आणि तक्त्यातले ‘पान’ होते. मी काही बोललो नाही. पाट्या तशाच घेऊन सर्वांना बांधावर नेले आणि समोर पाहून दुसरे चित्र काढायला लावले. अट एकच होती: दिसते तेवढेच काढायचे, सुंदर करायचे नाही.

पाच मिनिटांत गडबड सुरू झाली. एका देठावर तीन पाती दिसत होती. एका मुलाने विचारले, “गुर्जी, हे एक पान धरायचं का तीन?” या प्रश्नासाठी मी व्याख्यान दिले असते तर तो प्रश्न कोणालाही पडला नसता. उत्तर मी सांगितले नाही. फक्त एवढेच सांगितले की पान जिथे खोडाला मिळते त्या बेचक्यात बारीक कळी असते, ती शोधा. मुलांनी वाकून पाहिले. तिन्ही पात्यांच्या बुडाशी कळी नव्हती. मोठा देठ खोडाला मिळतो तिथे होती. म्हणजे पान एकच, पर्णिका तीन. मग सोयाबीनकडे मोर्चा वळला. तिथेही तीन, पण रुंद. कापसाचे पान एकच, पण पंजासारखे खाचा असलेले. बांधावरच्या कडुनिंबाच्या पानावरून वाद झाला आणि कळी शोधूनच मिटला. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांनी स्वतःच लिहिले की पहिल्यात काय चुकले होते. साधे पान आणि संयुक्त पान हा फरक मी फळ्यावर शेवटी लिहिला, तेव्हा तो त्यांना आधीच कळलेला होता, केवळ नावे नवी होती. दोन तासिका लागल्या. एरवी त्या घटकाला मी तेवढाच वेळ देत होतो. पाठ मागे राहिला नाही, कारण चित्र हाच पाठ होता.

येथे एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. पाहून चित्र काढणे हे शांत काम आहे. बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळताना, एका वर्गाला स्वयंअध्ययन द्यावेच लागते आणि तेव्हा आपण बहुधा ‘धडा पाहून लिहा’ असे सांगतो. त्याऐवजी तिसरीला भिजवलेल्या मुगाचे रोजचे चित्र तारीख घालून काढायला द्यावे आणि त्या वीस मिनिटांत चौथीला भागाकार शिकवावा. मूग पहिल्या दिवशी फुगतो, साल फाटते, आधी मूळ बाहेर येते. आठवडाभराची चित्रे ओळीने लावली की निरीक्षणाची वही तयार होते. गोंगाटाची आपली तक्रार अभिनय आणि ताल यांच्याबाबत खरी आहे. ते प्रकार मी दोन्ही वर्ग एकत्र असतील तेव्हाच किंवा अंगणात घेतो.

गणिताचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण मागे राहिले ते गणित. ठिपक्यांची रांगोळी आपल्याकडे प्रत्येक अंगणात असते, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करतो. मधल्या ओळीत ७ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत ४ पर्यंत. ठिपके एकमेकांच्या मध्ये येतील असे मांडायचे. एकूण ठिपके किती, हे एकेक न मोजता सांगायचे. सुरुवातीला मुले ४, ५, ६, ७, ६, ५, ४ अशी बेरीज करतात आणि ३७ येतात. एके वर्षी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “दोन्हीकडं सारखंच हाय, एकीकडचे मोजायचे, दुप्पट करायचे, मधली ओळ एकदाच.” म्हणजे १५ दुणे ३० आणि ७. सममिती हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण ती सममिती वापरत होती. मग मी मधला एक ठिपका लाल खडूने रंगवला आणि त्याच्याभोवतीचे कडे रंगवायला सांगितले. पहिल्या कड्यात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १८. वर्ग दोन क्षण शांत झाला आणि मग मागून कोणीतरी ओरडले, “सहाचा पाढा हाय की!” पुढचे कडे किती ठिपक्यांचे असेल, हे त्यांनी मांडण्याआधी सांगितले: २४, म्हणजे एकूण ६१. ते बरोबर आले, हे त्यांनी अंगणात मांडून पाहिले. रांगोळी हे मुलींचे काम म्हणून मुलगे सुरुवातीला मागे सरतात. ठिपके रांगोळीऐवजी चिंचोक्यांनी मांडायला दिले की ते पुढे येतात आणि तिसऱ्या दिवशी रांगोळीही हातात घेतात.

तांड्यावर असताना हेच काम मी काशिद्याने केले होते. बंजारा आयांच्या फेटियावरच्या, म्हणजे घागऱ्यावरच्या, नक्षीत टाके मोजून घातलेले असतात. एका आजीबाईंना वर्गात बोलावले. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ‘दोन घरे सोडून एक टाका, पुढच्या ओळीत एक घर सरकायचे’ हा नियम त्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगत होत्या आणि मुले चौकटीच्या वहीत रंगवत होती. आकृतिबंधाचा घटक त्या दिवशी माझ्या हातून निघून आजीबाईंच्या हातात गेला. मला त्यात कमीपणा वाटला नाही. उलट घरी फक्त गोरबोली बोलणारी आणि वर्गात गप्प बसणारी दोन मुले तेव्हा प्रथमच दुभाषी म्हणून बोलली.

भाषेसाठी मी फार साहित्य वापरत नाही. गोष्ट वाचताना मध्येच एका प्रसंगी थांबतो आणि चार-पाच मुलांना त्या प्रसंगाचे ‘थांबलेले चित्र’ उभे करायला सांगतो. कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही. मग एकेकाच्या खांद्याला हात लावून विचारतो, ‘तू आता मनात काय म्हणत आहेस?’ पुस्तकात न लिहिलेले, पण गोष्टीतून समजणारे उत्तर मुलाला द्यावे लागते. आकलनाचे जे प्रश्न लेखी विचारले की मुले धड्यातले वाक्य उतरवून काढतात, त्यांची उत्तरे येथे स्वतःच्या शब्दांत येतात. सात मिनिटांचे काम आहे. नाटक बसवायला, पोशाख जमवायला जाऊ नये. तिथेच दिवस जातात.

गाण्याविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांना पटेलच असे नाही. पाढे चालीवर म्हणवून घेतले की कला मिसळली, असे समजले जाते. चाल क्रम लक्षात ठेवायला मदत करते, एवढे खरे. पण ‘सात सक किती’ असे मध्येच विचारले, तर चालीवर पाढा पाठ केलेले मूल मनात ‘सात एके सात’ पासून सुरुवात करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून मी चालीपेक्षा ताल वापरतो. सर्वांनी एकेक आकडा म्हणायचा; ३ च्या पटीला टाळी, ४ च्या पटीला चुटकी. १२ आणि २४ ला टाळी आणि चुटकी एकत्र येतात, आणि असे का होते, या प्रश्नापासून सामाईक पटीचे गणित सुरू होते.

ताल म्हटले की हलगी आठवते आणि आपल्या भागात हलगी चांगली वाजवणारे घर प्रत्येक गावात असते. येथे मात्र सावध राहावे, असे मी मुद्दाम सांगतो. हलगी, पोतराज, गोंधळ या कला गावाने विशिष्ट जातींच्या माथी मारलेल्या कामांशी जोडलेल्या होत्या आणि काही घरांनी त्या जाणीवपूर्वक सोडल्या आहेत. ‘तुझ्या घरी वाजवतात ना, मग तूच वाजव’ असे एखाद्या मुलाला सर्वांसमोर सांगणे म्हणजे त्याला त्याची जात वर्गात दाखवून देणे होय. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आणि ते मूल चार दिवस शाळेत आले नाही. त्यानंतर मी घरी जाऊन आधी विचारतो, कलाकाराला पाहुणा म्हणून सन्मानाने बोलावतो आणि वाजवायला बसवतो ते सगळ्या मुलांना, आळीपाळीने.

साहित्याला पैसे नाहीत, असे आपण म्हणता. माझ्या अनुभवात विकतचे साहित्य लागतच नाही आणि लागले, तर ते पहिल्या महिन्यात संपते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे परिसरातल्या पाने, बिया, शंख-शिंपल्यांवर बालशिक्षण उभे केले. आपल्याकडे समुद्र नाही, पण कडब्याची धाटे, चिंचोके, गेरू, कोळसा आणि हळद आहे. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पिवळ्याचा लाल रंग होतो. मुलांना तो रंग म्हणून देताना ‘असे का झाले’ हा प्रश्न फुकट मिळतो. होळीच्या सुमारास पळसाच्या फुलांचा केशरी रंग निघतो. शिंदीच्या फोकाचे टोक ठेचले की कुंचला होतो, आणि जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू हा उत्तम कागद आहे. काळ्या मातीची मात्र एक खोड आहे: ती वाळताना आकसते आणि भेगाळते, त्यामुळे मुलांनी केलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी फुटतात आणि मुले रडवेली होतात. कुंभार मातीत लीद मिसळतो. शाळेत चाळलेली राख आणि बारीक वाळू मिसळली, तर भेगा बऱ्याच कमी होतात आणि वस्तू उन्हाऐवजी सावलीत वाळवाव्यात.

त्या मातीचा मला आवडलेला एक उपयोग सांगून पुढे जातो. वेरूळची सहल करून आल्यावर निबंध लिहून घेण्याऐवजी मी प्रत्येक गटाला ओल्या मातीचा ठोकळा आणि जुना चमचा दिला. अट अशी की माती जोडायची नाही, फक्त काढायची, आणि वरून खाली यायचे. कारण कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरलेले आहे. दहा मिनिटांत एका गटाच्या हत्तीची सोंड तुटली. जोडायची परवानगी नव्हती. ‘त्यांची तुटली असती, तर त्यांनी काय केले असते?’ या प्रश्नावर नंतर पाऊण तास चर्चा चालली आणि मुलांनी लिहिलेली टिपणे मी अजून ठेवली आहेत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते स्पष्ट सांगायला हवे. आपल्या तिसरीतल्या निम्म्या मुलांना वाक्य वाचता येत नसेल, तर प्राधान्य वाचनाला द्यावे आणि कला तिथेच वापरावी: मुलाने चित्र काढायचे, त्याविषयी सांगायचे, आपण त्याचेच वाक्य चित्राखाली लिहायचे आणि ते त्याने वाचायचे. स्वतःचे वाक्य मूल लवकर वाचते. आपल्या गावातून ऊसतोडीला कुटुंबे जात असतील, तर दिवाळीनंतर पट निम्मा होतो. महिनाभर चालणारे उपक्रम अशा वर्गात अर्धवट राहतात, म्हणून तिथे एका बैठकीत संपणारीच कामे घ्यावीत. आणि प्रत्येक पाठात कला आणण्याच्या भरीस पडू नये. हातचा घेऊन वजाबाकी शिकवताना काड्यांचे गठ्ठे जे करतात, ते कोणतेही गाणे करत नाही. आठवड्याला दोन पाठ असे झाले तरी पुरे. कोणते दोन, हे मुले कुठे अडतात त्यावरून ठरवावे.

थोडक्यात, अडलेली जागा आधी शोधायची, तिथे निर्णय घ्यायला लावणारी कृती ठेवायची आणि उरलेले पाठ नेहमीसारखे शिकवायचे.

नोंदींचे काम वाढेल ही भीती बाळगू नये. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, तंत्रांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही तंत्रे आहेतच. पानाची दोन चित्रे हे परिसर अभ्यासाचे प्रात्यक्षिक आहे आणि तिथेच त्याची नोंद होते. फक्त चित्राच्या सुबकपणाला गुण देऊ नयेत. तीन पर्णिका कुठे जोडल्या आहेत, ते पाहावे. पालकांसाठी मी एक साधी गोष्ट करतो: चित्रांवर तारीख घालून प्रत्येक मुलाची पिशवी ठेवतो आणि पालक आले की पहिले व नंतरचे चित्र त्यांच्या समोर ठेवून मुलालाच समजावून सांगायला लावतो. तुरीचे पान तीन पात्यांचे असते, हे बापाला लेकराने पटवून दिले की ‘नुसते चित्रं काढायलेत’ हा प्रश्न पुन्हा येत नाही. पाढ्यांचा प्रश्न मात्र येतो आणि तो योग्यच आहे. पाढे रोज घ्यावेत.

राहिला आपला शेवटचा मुद्दा, की आपल्याला चित्र येत नाही. मलाही येत नाही. एकदा ‘माझा आवडता प्राणी’ शिकवताना मी फळ्यावर बैल काढला. मुले हसली. मी खडू खाली ठेवला आणि काय चुकले ते सांगायला लावले. एकाने येऊन वशिंड पुढे सरकवले, दुसऱ्याने गळ्याखाली लोंबणारी पोळी काढली, तिसऱ्याने कान पुसून लांब आणि लोंबते केले, कारण त्याच्या घरी देवणी जातीचे बैल होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, आमचे बैल लाल कंधारी जातीचे आहेत, त्यांचे कान अगदी असे नसतात. फळ्यासमोर दोघांचे भांडण लागले. मी दोघांना सांगितले की आपापल्या बैलाचे वर्णन लिहून आणा, वाचून दाखवा, मग ठरवू. एरवी पाच ओळींवर थांबणाऱ्या त्या मुलांनी दुसऱ्या दिवशी दीड-दीड पान लिहून आणले होते, आणि त्यातल्या एकाने समासात बैलाचा कान स्वतंत्रपणे मोठा करून काढला होता.